स्थळ व्हर्जिनियाचं

आडनावाला जागणारी माणसं जगात फार थोडी. आपल्याकडे मुळे आहेत, दोडके आहेत, भोपळे आहेत, पडवळ तर गावोगाव आहेत. पण एखाद्या पडवळानं साता समुद्रांपलीकडून पडवळाचं बी आणलं आणि देशाची सोय लावली, असं काही ऐकिवात नाही. बहुतेक पडवळ बँकेत किंवा एसटीत असतात आणि घरी पडवळाची भाजी झाली की त्या दिवशी डबा न्यायला विसरतात.

फ्रान्समध्ये मात्र असा एक माणूस होऊन गेला. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए. जन्म १६८२, धंदा लष्करी इंजिनिअरचा. फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’ म्हणतात, तेव्हा आपल्या हिशेबानं हे गृहस्थ म्हणजे श्री. स्ट्रॉबेरीकर. त्यांच्या घराण्यात अशी कथा सांगत की, ९१६ साली मूळपुरुषानं मेजवानीच्या शेवटी राजापुढे पिकलेल्या स्ट्रॉबेरीचं तबक ठेवलं आणि राजानं खूश होऊन हे नाव बहाल केलं. कुळकथेत साल जितकं नेमकं, तितका मी सावध होतो. पण आठशे वर्षांनी त्याच कुळातल्या माणसानं जे केलं ते कुळकथेपेक्षा चमत्कारिक आहे आणि खरं आहे.

हा फ्रेझिए हेर होता. १७१२ साली चौदाव्या लुईनं त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर धाडला. मुलूख स्पेनचा. स्पेनच्या गादीवर तेव्हा लुईचा सख्खा नातूच बसला होता. पण नातवाच्या घरात काय चाललंय ते नातवाला न विचारता काढून घ्यावं, ही आजोबांची वृत्ती व्हर्सायच्या राजवाड्यात आणि आमच्या पुण्यातल्या पेठांत सारखीच. फ्रेझिए व्यापाऱ्याच्या सोंगात बंदरोबंदर फिरला. तट किती जाड, तोफा किती, दारूगोळा कुठे, सगळं टिपून घेतलं, नकाशे काढले. आणि चिलीतल्या कन्सेप्सिऑनला आल्यावर त्याचं लक्ष तोफांवरून उडालं. समोर शेतंच्या शेतं स्ट्रॉबेरीची होती, आणि फळ अक्रोडाएवढं, कधी कधी कोंबडीच्या अंड्याएवढं!

आज आपल्याला यात नवल वाटणार नाही, कारण स्ट्रॉबेरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचीच येते. पण त्या वेळी युरोपातली स्ट्रॉबेरी म्हणजे रानातली, वाटाण्याहून जरा मोठी. वासाला अप्रतिम, पण तोंडात टाकल्यावर ‘आली का?’ असं जिभेला विचारावं लागे. पाचव्या चार्ल्स राजानं चौदाव्या शतकात लूव्रच्या बागेत असली बाराशे रोपं लावली होती. बाराशे रोपांत राजघराण्याचं नीट एक वेळचं खाणं होत असेल की नाही, मला शंकाच आहे. अशा मुलखातल्या माणसाला अंड्याएवढी स्ट्रॉबेरी दिसल्यावर राजाचं काम क्षणभर बाजूला पडलं तर मी तरी त्याला दोष देणार नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना मनात डाचत राहील. फ्रेझिएनं ही स्ट्रॉबेरी ‘शोधून काढली’ असं लिहायची पद्धत आहे. शेतंच्या शेतं लावलेली वस्तू शोधतात कशी? उद्या सकाळी मंडईत जाऊन मीही मेथीचा शोध लावू शकेन. चिलीतले मापुचे आणि त्यांचे भाईबंद स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून ही फळं लावत होते. ताजी खात, सुकवून ठेवत, आंबवून त्यांचं पेय करत. रानातल्या बारक्या फळातून मोठं फळ निवडायचं, त्याचंच रोप पुढे लावायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी कंबर वाकवून केलेलं होतं. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण त्यांच्यापैकी कुणी चौदाव्या लुईच्या नोकरीत नव्हतं.

असो. फ्रेझिएनं सगळ्यांत मोठी फळं लागलेली रोपं निवडली आणि जहाजावर चढवली. परतीचा प्रवास सहा महिन्यांचा. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. माणसांना प्यायला पुरेना तिथे कुंड्यांना कोण देणार? पाण्याचा ताबा ज्याच्याकडे, त्या मालाच्या अधिकाऱ्याची त्यानं मनधरणी केली. उन्हाळ्यात टँकरवाल्याशी आमच्या सोसायटीचे चिटणीस ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात तो बोलला असणार. १७१४ च्या ऑगस्टमध्ये जहाज मार्सेयला लागलं तेव्हा पाच रोपं जिवंत होती. त्यातली दोन त्या पाणीवाल्या अधिकाऱ्यानं घेतली (ही वहिवाट किती जुनी आहे पाहा), एक पॅरिसला राजाच्या बागेत आंत्वान द ज्युस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेलं, एक फ्रेझिएच्या वरच्या साहेबाला पोचलं आणि एक त्यानं स्वतःपाशी ठेवलं. आणलेल्या मिठाईच्या पुड्यातून आणणाऱ्याच्या वाट्याला साधारण इतकंच येतं.

आता गंमत बघा. रोपं जगली, फोफावली, पानं तजेलदार, फुलं पांढरीशुभ्र. आणि फळाचा पत्ता नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, दहा गेली. पॅरिसच्या रोपाला फुटवे आले, ते हॉलंडला गेले, १७२७ साली लंडनच्या चेल्सीच्या बागेत पोचले. जिथे गेले तिथे हीच रड. युरोपातले मोठमोठे बागवान खत बदलत होते, माती बदलत होते, हवेला नावं ठेवत होते. अंड्याएवढ्या फळाची जाहिरात करणाऱ्या फ्रेझिएविषयी ते काय बोलत असतील, त्याची कल्पना मी करू शकतो.

ही हकीकत मी आमच्या आत्याला सांगितली. आत्या वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, पण तिनं आजवर इतकी लग्नं जमवली आहेत की आमच्या नात्यातला निम्मा गोतावळा तिच्या सहीशिवाय जन्मालाच आला नसता. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “पाचही मुलीच असतील.”

“काय म्हणालीस?”

“अरे, पाचही मुलीच आणल्या असतील मेल्यानं. मुलगी बघायला गेलं की माणसानं घरातली चार माणसं बघावीत. ह्यानं नुसतं रूप बघितलं. पोरं दिसायला किरकोळ, ती तिथेच राहिली.”

युरोपातल्या शास्त्रज्ञांना जे कळायला पन्नास वर्षं लागली ते आत्यानं अर्धा पाव मटारात सांगितलं. चिलीच्या स्ट्रॉबेरीत मादी-रोपं वेगळी आणि पराग देणारी रोपं वेगळी असतात. फळं मोठी लागतात ती मादी-रोपांना. फ्रेझिएनं डोळसपणे मोठ्या फळांची रोपं उचलली आणि नेमक्या माद्या तेवढ्या घरी आणल्या. त्यांना जे फुटवे आले त्याही सगळ्या मुलीच. कारण स्ट्रॉबेरीच्या वेलासारख्या धावणाऱ्या फुटव्याला (शेतकरी त्याला ‘रनर’ म्हणतात) जे नवं रोप धरतं, ते बियांतून झालेलं नसतं, ती आईचीच हुबेहूब प्रत असते. पॅरिसपासून लंडनपर्यंत एका मुलीच्या शेकडो मुली झाल्या आणि सगळ्या घोडनवऱ्या.

हे मी इतक्या ठामपणे सांगू शकतो, कारण गेले काही हिवाळे माझ्या गच्चीवर सहा कुंड्यांत स्ट्रॉबेरी असते. पुण्याच्या हवेत ती ऑक्टोबरला लावावी, थंडीभर कौतुक करून घ्यावं आणि एप्रिलच्या उन्हात तिचा निरोप घ्यायची मनाची तयारी ठेवावी. सांभाळायला तशी कठीण नाही, मानी आहे इतकंच. पानं जिथून फुटतात तो मधला कोंब मातीच्या बरोबरीला हवा. खाली पुरला तर कुजतो, वर उघडा पडला तर सुकतो. सासूच्या घरात सुनेनं किती बोलावं याचं जे प्रमाण जुन्या बायका सांगत, तसंच हे आहे. पाणी सकाळी, मुळाशी, आणि कुंडीत साचू द्यायचं नाही. ऊन पाच-सहा तास. फळ मातीला टेकलं की सडतं म्हणून खाली भाताचा पेंढा पसरायचा. आणि रनर सुटू लागले की मन घट्ट करून कापायचे; ठेवले तर रोप आपली सगळी ताकद मुलींच्या संसारात घालतं आणि फळाला काही उरत नाही. मी रनर कापायला बसलो की आत्या आत निघून जाते.

आणि फुलाचं म्हणाल, तर ते भिंग घेऊन बघण्यासारखं असतं. मध्ये पिवळी गोल घुमटी, तिच्यावर शेकडो बारीक स्त्रीकेसर, भोवती पुंकेसरांचं कडं. आपण जे फळ म्हणून खातो तो देठाचा फुगलेला शेंडा. खरी फळं म्हणजे त्याच्या अंगावरचे ते बारीक दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो. एका स्ट्रॉबेरीवर दोनशेच्या आसपास असतात. प्रत्येक दाण्याला पराग मिळाला तरच त्याच्या खालचा गर फुगतो. आमच्या शेजारच्या काकांनी बुलबुलांच्या त्रासाला कंटाळून रोपांवर मच्छरदाणी घातली, तेव्हा बुलबुल थांबले आणि त्यांच्याबरोबर मधमाश्याही थांबल्या. फळं अशी वेडीवाकडी आली की काकूंनी ती आल्याच्या टोपलीत ठेवली. मी काकांना रंगाचा मऊ कुंचला दिला आणि फुलाफुलावरून हलका फिरवायला सांगितलं. “आता या वयात हेही?” असं म्हणून त्यांनी तो घेतला. पुढची फळं गोल आली. आजच्या रोपांच्या फुलात दोन्ही केसर नांदतात म्हणून नुसत्या कुंचल्यावर भागतं. फ्रेझिएच्या पाच मुलींच्या फुलांत परागच नव्हते. तिथे कुंचला फिरवून काय करणार?

तर, मुलींचं जमलं कसं? फ्रान्सचं ब्रेस्ट हे बंदर पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात. त्याच्याजवळ प्लुगास्तेल नावाचा गाव. समुद्राची दमट, मऊ हवा, चिलीच्या किनाऱ्यासारखी. या मुलींना ती मानवली. तिथल्या शेतकऱ्यांना पॅरिसच्या विद्वानांचा सल्ला परवडत नसावा. त्यांनी वाफ्यात चिलीच्या रोपांमध्ये दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी अधूनमधून लावली, आणि फळं धरली! का धरली ते त्यांना सांगता येत नव्हतं. शेजारी ही असली की ती फळते, एवढं त्यांनी पाहिलं आणि तसं लावत गेले. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे पीक उभं राहिलं. पुढे प्लुगास्तेलची स्ट्रॉबेरी इतकी नावाजली की आज त्या गावात स्ट्रॉबेरीचं संग्रहालय आहे.

शेजारी जी लावली त्यांत एक व्हर्जिनियाची होती. हीही अमेरिकेचीच, पण उत्तरेकडच्या पूर्व किनाऱ्याची; युरोपात शंभरेक वर्षं आधी येऊन स्थायिक झालेली. फळ लहान, पण लालभडक आणि सुगंधी. म्हणजे एक स्थळ चिलीचं, दुसरं व्हर्जिनियाचं. मायदेशी दोघांच्या मध्ये अख्खं खंड आडवं, आणि गाठ पडली ती युरोपातल्या वाफ्यात. परदेशी गेलेली आपली मुलं दहा हजार मैलांवर जाऊन शेवटी नागपूरच्याच मुलीशी लग्न करतात, त्यातला प्रकार. १७५० नंतरच्या दहा वर्षांत युरोपातल्या बागांत एक नवीच स्ट्रॉबेरी दिसू लागली. मोठी, लाल, वासाला अननसासारखी. हे लग्न पहिल्यांदा कुठल्या वाफ्यात लागलं, कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. अक्षता टाकायला एखादी माशी होती, एवढंच.

आईबाप ओळखून काढले ते एका पोरानं. आंत्वान निकोला द्युशेन, जन्म १७४७. बाप व्हर्सायला राजाच्या इमारतींच्या खात्यात अधिकारी; मुलगा राजाच्या बागेत रमणारा. १७६४ च्या जुलैत, सतरावंही पुरं झालेलं नसताना, त्यानं चिलीच्या एका रोपाला युरोपातल्या कस्तुरी स्ट्रॉबेरीचे पराग देऊन टपोरी फळं धरवली आणि पंधराव्या लुईपुढे भांडंभर नेऊन ठेवली. राजा खूश. युरोपभरातल्या स्ट्रॉबेऱ्या जमवून ट्रियानॉनच्या बागेत लावायची परवानगी त्याला मिळाली. १७६६ साली, एकोणिसाव्या वर्षाच्या आगेमागे, त्यानं स्ट्रॉबेरीचा नैसर्गिक इतिहास लिहून छापला. त्यात स्ट्रॉबेरीत नर-मादी असतात हे सांगितलं आणि अननसाच्या वासाची ती स्ट्रॉबेरी चिली आणि व्हर्जिनिया यांची संतती आहे, हेही सांगितलं. या वयात मी बारावीच्या मार्कांची फेरतपासणी मागत होतो.

द्युशेन बरोबर होता हे विसाव्या शतकात गुणसूत्रं मोजल्यावर दिसलं. रानस्ट्रॉबेरीची गुणसूत्रं चौदा, कस्तुरीची बेचाळीस, चिलीची छप्पन आणि व्हर्जिनियाचीही छप्पन. आत्याच्या भाषेत, पत्रिका फक्त इथेच जुळत होती. कस्तुरीशी लग्न लागे, फळही धरे, पण त्या फळाच्या बियांतून पुढे वंश चालणं कठीण. व्हर्जिनियाशी छत्तीस गुण जमले.

द्युशेनच्या बागेचं पुढे काय झालं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. १७७४ साली पंधरावा लुई देवी येऊन वारला. ट्रियानॉन नव्या राणीला, मारी आंत्वानेतला, मिळालं. तिला इंग्लिश पद्धतीची बाग हवी होती. झरे, टेकाडं, हिरवळ. वनस्पतिशास्त्राची बाग उठली. सरकारी बंगल्यात नव्या साहेबाच्या मडमेनं आधीच्या साहेबाचे गुलाब उपटावेत तसंच. राणीचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक असतं, बागेचं कुणी विचारत नाही.

फ्रेझिए मात्र १७७३ पर्यंत जगला, चांगला एक्याण्णव वर्षांचा होऊन, आणि तोही ब्रेस्टलाच. म्हणजे आपण आणलेल्या मुली नांदत्या झालेल्या पाहायचं भाग्य त्याला जवळच लाभलं. किल्ल्यांचे त्याचे नकाशे आज कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

यानंतर इंग्रजांनी ही नवी सून उचलून धरली. लंडनजवळच्या आयलवर्थच्या मायकेल कीन्स नावाच्या भाजीवाल्यानं १८२१ साली पुढे आणलेलं वाण वर्षानुवर्षं बागांत राज्य करत होतं. आणि इंग्रज जिथे जिथे थंडी शोधत गेले तिथे आपलं खाणं बरोबर नेत गेले. १८२८ साली सर जॉन माल्कमनं महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी ठाणं वसवलं. तिथे बटाटे आणि भाज्या पिकवल्या त्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी. १८६४ पर्यंत तो तुरुंग तिथे होता. स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्याच काळात वर आली आणि इंग्रज गेल्यावर राहिली. डोंगरावर पाऊस दोनशे इंचांच्या पुढे. त्यात हिचा टिकाव लागणं शक्य नाही. म्हणून जूनच्या सुमाराला बाहेरून आणलेली मातृरोपं कमी पावसाच्या भागात वाढवतात, त्यांच्या रनरची रोपं पावसाळा सरता सरता वाफ्यांवर लागतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून फळ सुरू होतं. वाणांची नावं बघाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं १९८३ चं चँडलर काय, फ्लोरिडाची स्वीट चार्ली काय! २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. भिलारला तर २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे; स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशेजारी बसून कादंबरी वाचता येते. चिलीची आजी, व्हर्जिनियाचे आजोबा, फ्रान्सातला संसार, इंग्लंडात बाळसं, अमेरिकेत शिक्षण आणि रेशनकार्ड सातारा जिल्ह्याचं. आमच्या आळीत यापेक्षा कमी फिरलेल्या माणसाला घर भाड्यानं देताना चार ओळखी मागतात.

राहिली ती आजी. एकोणिसाव्या शतकात ही लाल, गुबगुबीत नात चिलीला जाऊन पोचली आणि तिथल्या बाजारात तिनं आजीला मागे सारलं. टिकाऊ, लांब पाठवायला सोपी, रंगानं लाल. आजी बिचारी पांढुरकी, नाजूक, हात लावला की डाग पडणारी. तरीही दक्षिण चिलीत, नाहुएलबुता डोंगरांच्या आसऱ्यानं, पुरेन आणि कोंतुल्मोच्या बाजूला काही छोटे शेतकरी आजही तिचे वाफे राखून आहेत. मोसम जेमतेम, डिसेंबर-जानेवारीचा. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. आणि त्याच दिवसांत आपल्याकडे पाचगणीच्या रस्त्यावर लाल टोपल्या मांडलेल्या असतात.

हे ऐकून आत्याचे मटार सोलायचे थांबले. “दोघींचा हंगाम एकाच वेळी?” ती म्हणाली, “मग हिला माहेरी जायला सवड कधी मिळायची?”